कावळा, फांदी आणि मानेतील गाठ

मानेवर गाठ हाताला लागली की आपल्याकडे रुग्णाच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही मनात दोनच शब्द उभे राहतात. पहिला क्षय आणि दुसरा कर्करोग. पहिला हलक्या आवाजात उच्चारला जातो; दुसरा बहुधा उच्चारलाच जात नाही. या दोहोंखेरीज तिसरेही काही असू शकते, ही शक्यता फार थोड्यांच्या मनाला शिवते. अशाच एका तिसऱ्या शक्यतेचे नाव किकुची-फुजिमोटो आजार असे आहे. आजार दुर्मिळ, सौम्य आणि आपण होऊन बरा होणारा. मग आपल्या मंडळाच्या स्मरणिकेची पाने त्यासाठी कशाला अडवावीत, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. माझे उत्तर असे की, हा आजार दुर्मिळ असला तरी तो आपल्या एका अतिशय सार्वत्रिक सवयीची परीक्षा घेतो. ती सवय म्हणजे गाठीतील ऊतक न पाहता क्षयाची औषधे सुरू करण्याची. या सवयीविरुद्ध चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

ही सवय निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. लसीकाग्रंथींचा क्षय हा आपल्या देशात फुप्फुसाबाहेरील क्षयाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे, आणि त्यातही मानेतील ग्रंथी आघाडीवर असतात. मराठीत ज्याला गंडमाळा म्हणतात आणि आपल्या माळव्यातील रुग्ण ज्याला कंठमाला म्हणतो, त्या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या माणसे गांजली आहेत. इंदूरच्या दवाखान्यात धार, झाबुआ, खरगोनकडून येणारा रुग्ण तर पुष्कळदा निदान स्वतःच घेऊन येतो. ‘डॉक्टर साहब, टीबी की गाँठ है’ हे त्याचे पहिले वाक्य असते. सांख्यिकीच्या दृष्टीने तो बहुधा बरोबरही असतो. परंतु बहुधा बरोबर असणे आणि निदान होणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पार करण्यासाठीच वैद्यकशास्त्र आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात येतो. एकत्र येतो तो त्यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी. वरून सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून निराळ्या असतात, हे ज्ञान आपल्या परंपरेला नवे नाही.

आजाराची ओळख

१९७२ साली जपानमध्ये किकुची यांनी, तसेच फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. दोघांनीही मानेतील सुजलेल्या ग्रंथींत एक वेगळेच चित्र पाहिले होते: पेशींचा ठिकठिकाणी नाश झालेला, फुटलेल्या केंद्रकांचा चुरा विखुरलेला, तो चुरा गिळणाऱ्या हिस्टिओसाइट पेशींची गर्दी, आणि तरीही पुवाचा किंवा न्यूट्रोफिल पेशींचा पत्ता नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लोटली. आशिया खंडातून हा आजार अधिक प्रमाणात नोंदला गेला आणि भारतातूनही त्याची अनेक वृत्ते प्रसिद्ध झाली. त्याचे मूळ कारण मात्र अजून निश्चित झालेले नाही. एखाद्या विषाणूमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा अनावर होत असावी असा तर्क आहे. एप्स्टीन-बार आणि हर्पिसवर्गीय विषाणूंवर संशय घेतला गेला, पण कोणावरही आरोप सिद्ध झाला नाही. कोविडच्या साथीनंतर संसर्गाच्या आणि लसीकरणाच्या पाठोपाठ हा आजार झालेल्या काही रुग्णांची वृत्ते आली, परंतु कारणसंबंध तेथेही प्रस्थापित झालेला नाही.

रुग्ण बहुधा तरुण असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो. तुर्की संशोधकांनी २००७ साली २४४ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत सरासरी वय २५ वर्षांचे होते. मानेच्या पाठीमागच्या त्रिकोणात, बहुतेक वेळा एकाच बाजूला, एक-दोन सेंटिमीटरच्या, घट्ट पण हलणाऱ्या, किंचित दुखऱ्या गाठी येतात. सुमारे एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना बारीक ताप असतो. काहींना रात्री घाम येतो, वजन उतरते, अंगावर पुरळ उठते, सांधे दुखतात. रक्तात पांढऱ्या पेशी पुष्कळदा कमी आढळतात आणि ईएसआर वाढलेला असतो. एक ते चार महिन्यांत हे सर्व आपोआप ओसरते. पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शेकडा तीन-चार इतकेच आहे.

आता ही लक्षणे पुन्हा एकदा वाचावीत. तरुण स्त्री, मानेत गाठी, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट, वाढलेला ईएसआर. यातील प्रत्येक शब्द क्षयाच्या पाठ्यपुस्तकातूनही उचलता येईल आणि लिम्फोमाच्या पाठ्यपुस्तकातूनही. किकुचीच्या आजाराची खरी अडचण येथेच आहे. तो स्वतः निरुपद्रवी आहे. त्याला दिली जाणारी दुसऱ्याची नावे मात्र उपद्रवी आहेत.

‘औषध लागू पडले’ हा पुरावा

गाठीतील ऊतक न पाहता क्षयाचे उपचार सुरू करणारे आपले व्यवसायबंधू एक युक्तिवाद हमखास करतात. ‘औषध सुरू केले, दोन महिन्यांत गाठ गेली, म्हणजे क्षयच होता.’ वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. रुग्ण समाधानी, नातेवाईक समाधानी, डॉक्टरही समाधानी. परंतु जो आजार एक ते चार महिन्यांत काहीही न करता जातो, त्याला दोन महिने कोणतेही औषध दिले तरी ते लागू पडल्याचे दिसणारच. क्षयाच्या गोळ्यांऐवजी पिंपळाच्या पानांचा काढा दिला असता तरी गाठ तितक्याच दिवसांत विरली असती, आणि काढा देणाऱ्याची कीर्ती दशदिशांना गेली असती. आपल्या तर्कशास्त्राने याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण मराठीत म्हणतो. मानेतील गाठीच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. ग्रंथींच्या खऱ्याखुऱ्या क्षयात योग्य उपचार चालू असतानाही काही रुग्णांच्या गाठी मध्येच वाढतात, नव्या गाठी येतात, क्वचित फुटतात. जंतू मरत असताना शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते, आणि तिचा अर्थ उपचार फसले असा होत नाही. म्हणजे ज्याला क्षय नाही त्याची गाठ औषधावर विरू शकते आणि ज्याला क्षय आहे त्याची गाठ औषधावर वाढू शकते. मग उपचाराला मिळालेल्या प्रतिसादावरून निदान ठरविण्याला अर्थ काय उरला? ‘औषध देऊन पाहू’ ही निदानाची पद्धत मानेतील गाठीला लागू पडत नाही, हे आपण एकदा स्पष्टपणे स्वीकारले पाहिजे.

चुकीच्या नावाची किंमत

‘सहा महिने गोळ्या घेतल्या तर काय बिघडले?’ असेही विचारले जाते. बिघडते ते असे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात आणि ती इजा प्रसंगी जिवावर बेतते. एथाम्ब्युटॉलमुळे दृष्टीला धोका पोहोचू शकतो. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, ही गोष्ट तरुण विवाहितेला सांगण्याचे पुष्कळदा राहूनच जाते. क्षय झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे धोके पत्करणे सर्वस्वी योग्य आहे, कारण समोर त्याहून मोठा धोका असतो. क्षय नसलेल्या मुलीला हे धोके कशासाठी पत्करायला लावायचे?

औषधांपलीकडची किंमत कागदावर मोजता येत नाही. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु नोंद होते ती निदानाची. निदान चुकले तर चूकही नोंदली जाते आणि पुढे रुग्णाच्या प्रत्येक कागदावर ‘पूर्वी क्षय झाला होता’ हे वाक्य तिच्यासोबत प्रवास करते. पुढे कधी खोकला झाला की त्या वाक्याचा हिशेब धरला जातो. शिवाय आपल्या समाजात पंचविशीच्या मुलीला क्षय झाला, या वाक्याचा अर्थ काय होतो हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. लग्न ठरायचे असेल तर गोळ्यांची पाकिटे लपविली जातात, ठरलेले असेल तर तारीख पुढे ढकलली जाते, आणि झालेले असेल तर माहेरच्यांना दूषणे ऐकावी लागतात. क्षयाविषयीचा हा कलंक मुळातच अन्यायकारक आहे आणि तो पुसण्यासाठी आपण झटलेच पाहिजे. पण तो पुसला जाईपर्यंत ज्याला आजार नाही त्याच्या कपाळी तो लावू नये, एवढी काळजी तरी आपण घेऊ शकतो.

लिम्फोमाच्या दिशेने झालेली चूक याहून भयंकर. १९८८ साली डॉर्फमन आणि बेरी यांनी किकुचीच्या १०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा हा आजार आणि लिम्फोमा यांतील गफलत टाळण्यावरच त्यांचा मुख्य भर होता. आजच्या काळात या गफलतीला एक नवे कारण मिळाले आहे. महागड्या पेट-सीटी स्कॅनवर किकुचीच्या गाठी लिम्फोमाच्या गाठींसारख्याच उजळून दिसतात. स्कॅनचा अहवाल हातात पडला की घरावर आभाळ कोसळते. तेव्हा स्कॅन कितीही उजळला तरी त्याने ऊतकाची जागा घेतलेली नाही, हे रुग्णाला आणि स्वतःलाही बजावले पाहिजे.

ऊतकापर्यंत जाण्याचा मार्ग

प्रत्येक गाठ पहिल्याच दिवशी कापून काढावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. घसा, दात, टाळू यांतील साध्या संसर्गाने आलेल्या गाठी दोन-तीन आठवड्यांत बसतात; तेवढा धीर धरावा. या काळात दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एक म्हणजे लेव्होफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके, कारण ती क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात. दुसरी म्हणजे स्टेरॉइड, कारण लिम्फोमा असेल तर ती गाठ तात्पुरती लहान करतात आणि नंतर घेतलेल्या बायॉप्सीतील चित्र पुसट करून टाकतात.

गाठ टिकली तर सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी, ही पहिली पायरी योग्य आहे. त्याच सुईत आलेला नमुना सीबीनॅट चाचणीसाठी पाठवावा. लसीकाग्रंथींच्या नमुन्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या चाचणीची शिफारस केली, आणि फुप्फुसाबाहेरील क्षयाविषयीच्या २०१६ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनीही तिला स्थान दिले. शासकीय क्षयरोग कार्यक्रमात ती विनामूल्य होते. बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न या एका पायरीवर सुटतो, आणि ज्यांना क्षय आहे त्यांच्या जंतूंवर रिफाम्पिसिन चालेल की नाही हेही कळते.

प्रश्न उरतो तो ‘नेक्रोसिस दिसतो, क्षयाशी सुसंगत’ एवढेच लिहिलेल्या अहवालाचा. या एका वाक्यावर सहा महिन्यांचे उपचार सुरू होतात. नेक्रोसिस किकुचीतही असतो, ल्यूपसमध्येही असतो आणि लिम्फोमातही असू शकतो. किकुचीच्या आजारात केवळ सुईच्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. ग्रॅन्युलोमा नाही, जंतू नाहीत, सीबीनॅट नकारात्मक आहे आणि रुग्ण तरुण आहे, अशा वेळी पूर्ण ग्रंथी काढून तपासणे हाच सरळ मार्ग होय.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. खर्च होतो, व्रण राहतो आणि शस्त्रक्रियेत धोका असतो. खर्चाचा हिशेब करताना सहा महिन्यांच्या तपासण्या, बुडालेले रोजगार आणि फेऱ्यांचे भाडेही मांडावे. गावाहून येणाऱ्याला एकदाच येऊन पक्के उत्तर मिळणे अधिक स्वस्त पडते. व्रणाविषयी सांगायचे तर मानेच्या नैसर्गिक वळीत घेतलेला लहान छेद वर्षभरात शोधावा लागतो. तिसरा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. मानेच्या पाठीमागच्या त्रिकोणात स्पायनल ॲक्सेसरी ही नस त्वचेखाली फार वरच्या थरातून जाते. ती दुखावली तर खांदा पडतो आणि हात वर उचलणे कठीण होते. ‘छोटीशी गाठ आहे, बाह्यरुग्ण विभागातच काढून टाकू’ असे म्हणत हे काम अननुभवी हातांकडे सोपवू नये. तसेच तंबाखू खाणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या रुग्णाच्या मानेत कठीण गाठ असेल तर आधी तोंड, घसा आणि स्वरयंत्र नीट पाहावे व सुईची तपासणी करावी. तेथे थेट चाकू लावणे अहिताचे ठरते.

गाठ काढल्यानंतर होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर स्वतंत्र परिच्छेद खर्च करतो. काढलेली संपूर्ण ग्रंथी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली जाते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग त्या ऊतकाचे कल्चर होऊ शकत नाही आणि प्रश्न अर्धाच सुटतो. शस्त्रक्रियागृहात दोन बाटल्या असाव्यात. एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत निर्जंतुक सलाईन. ग्रंथीचा एक भाग पॅथॉलॉजिस्टकडे आणि दुसरा सीबीनॅट व कल्चरसाठी. या दुसऱ्या बाटलीची किंमत काही रुपये आहे, आणि ती नसल्याची किंमत सहा महिने आहे.

पॅथॉलॉजिस्टशी संवाद

बाटलीबरोबर जाणारा कागदही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘गाठ, मान, क्षय?’ एवढ्या तीन शब्दांवर आपण पॅथॉलॉजिस्टकडून सत्याची अपेक्षा करतो. रुग्णाचे वय, ताप किती दिवस आहे, पांढऱ्या पेशी किती, पुरळ आहे का, सांधे दुखतात का, केस गळतात का, आधी स्टेरॉइड दिले होते का, ही माहिती गेली तर सूक्ष्मदर्शकाखालील चित्राला अर्थ येतो. किकुचीचा आजार टप्प्याटप्प्याने रूप पालटतो. सुरुवातीच्या टप्प्यात मोठ्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशींची दाटी असल्याने तो लिम्फोमासारखा भासतो, मधल्या टप्प्यात पेशीनाश प्रधान असतो, आणि शेवटी फेसाळ हिस्टिओसाइट उरतात. शंका असल्यास सीडी६८, मायलोपेरॉक्सिडेज, सीडी८ आणि सीडी१२३ या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या तपासण्या पुष्कळ साहाय्य करतात. ब्लॉक मोठ्या केंद्राकडे मतासाठी पाठविण्यात कोणाचाही कमीपणा नाही.

निदान झाल्यावर उपचार साधे आहेत: पॅरासिटामॉल, गरजेप्रमाणे दाहशामक गोळी, विश्रांती आणि धीर. ताप हटत नसेल किंवा आजार तीव्र असेल तर काही काळ स्टेरॉइड देतात; हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचाही काही रुग्णांना उपयोग झाल्याचे नोंदले गेले आहे. परंतु ‘काही नाही, आपोआप बरे होईल’ असे सांगून रुग्णाला कायमचे निरोप देऊ नयेत. या आजाराचे ल्यूपसशी नाते आहे. ल्यूपस त्याच्या आधी असू शकतो, सोबत असू शकतो किंवा काही वर्षांनी प्रकट होऊ शकतो. म्हणून निदानाच्या वेळी एएनए आणि लघवीतील प्रथिने तपासावीत, आणि पुढील काही वर्षे ठरावीक अंतराने रुग्णाला पाहावे. क्षयाचा शिक्का मारून पाठविलेल्या मुलीची ही पाहणी कधीच होत नाही. चुकीचे नाव दिल्याचा हा सर्वांत छुपा तोटा होय: पुढे सांधे सुजले, मूत्रपिंड बिघडले, तरी मागच्या त्या गाठीशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही.

आपण काय करू शकतो

आपल्यासारख्या मंडळाचे बळ असे की येथे एकाच सभागृहात कुटुंबाचे डॉक्टर, शल्यचिकित्सक, कान-नाक-घसातज्ज्ञ, फिजिशियन आणि पॅथॉलॉजिस्ट शेजारी शेजारी बसतात. कोजागिरीला आपण एकत्र दूध पितो. महिन्यातून एकदा एकत्र स्लाइडही पाहू शकतो. माझ्या तीन नम्र सूचना आहेत. मानेतील गाठीसाठी एक पानाचा समान तपासणीक्रम मंडळाने तयार करून सभासदांच्या दवाखान्यांत लावावा. ऊतकाच्या पुराव्याशिवाय क्षयाचे उपचार सुरू करण्याची वेळ खरोखरच आली, तर त्याची कारणे कागदावर लिहिण्याचा दंडक आपण आपल्यापुरता घालून घ्यावा. आणि ज्या अहवालांत ‘सुसंगत’ हा शब्द आहे, ते मासिक बैठकीत निःसंकोच चर्चेला यावेत.

स्मरणिकेचे जे वाचक डॉक्टर नाहीत, त्यांनाही एक विनंती. मानेतील गाठीसाठी दीर्घ उपचार सुरू होत असतील, तर ‘गाठीचा तुकडा तपासला आहे का?’ हा प्रश्न आदराने जरूर विचारावा. त्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा अपमान होत नाही.

किकुचीचा रुग्ण आपल्यापैकी अनेकांना आयुष्यात दोन-चारदाच भेटेल. परंतु त्याच्यासाठी लावून घेतलेली शिस्त क्षयाच्या शेकडो रुग्णांना पक्के निदान देईल, प्रतिरोधी जंतू वेळेवर शोधून देईल आणि एखाद्या लिम्फोमाचे वाया जाणारे सहा महिने वाचवील. फांदी तुटली याचे श्रेय कावळ्याला देण्यापूर्वी फांदी आतून कशी होती, हे पाहून घेण्याइतका वेळ आपल्याकडे नक्कीच आहे.